सहातल्या चार ओळी

तीन कार्डं सारखी निघाली. माझी बायको मार्जरी गेली त्याला अकरा दिवस झाले होते आणि आलेलं टपाल मी जेवणाच्या टेबलावर नुसतं रचत गेलो होतो. मंगळवारी सकाळी म्हटलं, आता हे उघडून टाकावं, लोकांना उत्तरं द्यायची आहेत. एकतीस पाकिटं होती. नवव्या पाकिटात राखाडी लिलीची फुलं, बाविसाव्यात तीच फुलं आणि सत्ताविसाव्यात पुन्हा तीच. एक आमच्या दातांच्या दवाखान्यातून, एक चर्चमध्ये मार्जरीच्या शेजारी उभं राहून गाणाऱ्या बाईंकडून आणि एक शेजारच्या डोलोरेस फेरेनबाखकडून. डोलोरेस माझ्या दारात स्वतः येऊन, टूना आणि नूडल्स घालून भाजलेलं भरलं भांडं हातात देऊन गेली होती. तरीही तिने तिकीट लावून कार्ड टपालात टाकलं होतं आणि ते सगळ्या सेंट लुईसभर फिरून तिच्याच कुंपणापलीकडच्या घरात आलं होतं. आमच्याकडे असंच करतात. बोलायचं ते भांड्याने बोलायचं आणि भांड्याने बोलता येत नाही ते छापील घ्यायचं. तिघांनी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात एकाच फळीवरून ते उचललं असणार, त्यात नवल काही नाही. मी चमकलो ते आतल्या ओळींमुळे.

बोलायला शब्द सापडेनात,
म्हणून हा कागद पाठवत आहोत.
उजेड हळूहळू परत येतो;
त्याला घाई करू नका.

या ओळी आयडेला प्रुइटच्या. कार्डावर तिचं नाव नाही, कधीच नव्हतं, कोणाचंच नसतं. एकोणचाळीस वर्षांत ही कार्डं छापणारी कंपनी दोनदा विकली गेली, चित्र चार-पाच वेळा बदललं असेल, ओळी त्याच राहिल्या. मला हे ठाऊक आहे, कारण त्या माझ्या हाताखालून गेल्या. एकतीस वर्षं मी त्या कंपनीत मजकुराचा संपादक होतो. वाढदिवस, लग्न, बाळंतपण, आजारपण, मरण, सगळं माझ्या टेबलावरून जायचं, आणि मरण सर्वांत जास्त खपायचं. मूळ मजकूर सहा ओळींचा होता. शेवटच्या दोन मी निळ्या पेन्सिलीने खोडल्या. आणि आता, माझ्याच घरात, माझ्याच बायकोसाठी आलेली ती तीन कार्डं समोर ठेवून बसलो, तर त्या दोन ओळी मला आठवेनात. एकही शब्द आठवेना. ‘आणि’ने सुरुवात होती, एवढंच. चार ओळी वाचल्या की मन पुढच्या दोन ओळींसाठी पाय उचलायचं आणि पायरीच नसायची. दुसऱ्या कोणाला यात काय वाटलं असतं सांगता येत नाही, पण मला त्या हव्या होत्या. अकरा दिवसांत मला दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं, जेवणही नाही, आणि आता हे डोक्यात बसलं ते बसलंच.

आमची पद्धत सांगायला हवी. दर गुरुवारी लांब टेबलाभोवती सात जणांना बसवायचे, त्यातले निम्मे मजकूर विभागाचे नसत. हिशेबातली एखादी मुलगी, बांधणीतला एखादा माणूस. आठवड्याचे मजकूर टंकलिपिक बाई मोठ्याने वाचायची. मग मी विचारायचो, ‘हे तुम्ही तुमच्या पोस्टमनला पाठवाल का?’ पोस्टमन म्हणजे ज्याच्या घरात तुम्ही कधी पाय ठेवलेला नाही, पण ज्याचं वाईट झालं तर गप्प बसता येत नाही असा माणूस. ज्याला पाठवावंसं वाटेल त्याने हात वर करायचा. चारच्या खाली हात असले की मजकूर बाद. कविता चांगली का वाईट हा प्रश्न तिथे निघतच नसे, आणि खरं सांगायचं तर मला त्यात एक प्रकारचा आराम होता. प्रत्येक मजकूर तळहाताच्या मापाच्या जाड कार्डावर टंकलेला असायचा, वर नंबर, खाली माझी सही. खोडायचं ते निळ्या पेन्सिलीने. चुकून खोडलं तर खोडलेल्या शब्दांखाली ठिपक्यांची ओळ द्यायची. छापखान्यातल्या कोणत्याही माणसाला त्याचा अर्थ कळतो: खोडलं ते विसरा, होतं तसं राहू द्या. मार्जरीलासुद्धा ती खूण ठाऊक होती. डॉक्टरांनी माझं लोणी बंद केलं तेव्हा मी बाजाराच्या यादीतलं लोणी खोडायचो आणि संध्याकाळी पाहावं तर त्याखाली हिरव्या शाईचे ठिपके. ‘संपादक तू ऑफिसात,’ ती म्हणायची. लोणी यायचं.

आयडेला मिसुरीच्या दक्षिण टोकाकडून आली होती. तिकडे सपाट जमीन आणि कापूस, दुसरं काही नाही. एकोणिसाव्या वर्षी बसमधून उतरली ती याच शहरात राहिली. उंच, हाडकुळी, हिवाळ्यातही अनवाणी असल्यासारखी चालायची. कंपनीत ती सव्वीस वर्षं होती आणि त्या सव्वीस वर्षांत तिने किती लोकांचं सांत्वन केलं याची गणती नाही. ‘अंत्यविधींना माझ्याइतक्या फेऱ्या पाद्र्याच्यासुद्धा होत नसतील, स्टकमायर,’ ती म्हणायची, ‘फरक इतकाच की मला कोणी केक देत नाही.’ दुपारच्या सुट्टीत ती इमारतीच्या मागच्या लोखंडी जिन्यावर बसून स्वतःच्या कविता लिहायची, नापास झालेल्या चित्रांच्या पाठीवर. कार्डाचं ते पोटापाण्याचं काम आणि जिन्यावरचं ते खरं, अशी आम्ही सगळ्यांनी वाटणी करून टाकली होती, तिनेसुद्धा. जिन्यावरच्या कवितांचं एकच पुस्तक निघालं, दोन खोल्यांच्या छापखान्यातून, तीनशे प्रती. परीक्षण एकाच वर्तमानपत्रात आलं, बागकामाच्या पानावर. वॉर्डातल्या वाचनालयात तिने एकदा कविता वाचल्या. बाहेर ऑगस्टचं ऊन, आत सात माणसं. त्यातली तीन नुसती गारव्याला आलेली, एकाने तर झोप काढली. मी आणि मार्जरी पहिल्या रांगेत. मी प्रत्येक ओळीचे ठेके मोजत होतो, ती सवय सुटत नाही. मार्जरी रडत होती. घरी येताना मी विचारलं, एवढं काय होतं त्यात. ‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘तुला ऐकू आलं नाही तर मी काय सांगू?’ मग आम्ही गाडीत बेसबॉलच्या सामन्याचं धावतं वर्णन ऐकत घरी आलो. आयडेला चौऱ्याण्णव साली गेली. दफनाला नऊ माणसं होती. कंपनीने पुष्पचक्र पाठवलं, त्याला कार्ड होतं, आणि कार्डावर याच चार ओळी होत्या. कोणाच्या ते पाठवणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मार्जरीने ते कार्ड वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तिला त्यातली गंमत दिसली असावी.

बुधवारी मी रेनाटा कोवालिकला फोन केला. रेनाटा विद्यापीठातली, तिशीची असेल. वर्षभर ती आयडेलाच्या समग्र कवितांचं पुस्तक काढायच्या मागे लागली होती आणि मला आठवणी लिहून द्या म्हणून तीनदा पत्र पाठवून थकली होती. मी कधी दाद दिली नव्हती. मार्जरीचं ऐकून ती आधी चार वाक्यं हळू आवाजात बोलली. मग मी मला काय हवं ते सांगितलं.

‘कार्डांचे मजकूर आम्ही घेत नाही आहोत, मिस्टर स्टकमायर,’ ती म्हणाली. ‘पोटापाण्याचं काम ते. तिनेच तसं म्हटलंय, डायरीत.’

‘मला छापायला नको आहे. वाचायचंय.’

‘तिच्या भाचीने एक खोका दिलाय तुमच्या ऑफिसातल्या कार्डांचा. थांबा हं.’ कागदांचा आवाज बराच वेळ येत राहिला. ‘नोव्हेंबर सत्तर म्हणालात ना? एकशे बाराव्या नंबरपर्यंत आहे. मग एकदम एकशे चौदा. तुमचं एकशे तेरा असणार.’

‘हरवलं असेल.’

‘बाकी एकही हरवलेलं नाही. फार नीटनेटकी होती हो बाई. तिने ते कोणाला तरी दिलं असणार.’ मग, ‘एक विचारू का? तुम्हीच ना ते खोडलं होतं? काय चुकलं होतं त्या ओळींत?’

मी तिला पोस्टमनची गोष्ट सांगितली. गुरुवारचं टेबल, वर केलेले हात, चारच्या खाली आले की बाद. तिला फार आवडली ती गोष्ट, प्रस्तावनेत घालू का म्हणाली. घाल म्हटलं. मजकूर शुक्रवारी छपाईला जातोय, त्याआधी काही आठवलं तर कळवा, असं सांगून तिने फोन ठेवला. मी तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. खिडकीतून डोलोरेसच्या दोरीवरच्या चादरी दिसत होत्या. मी त्या दोन ओळी बनवून पाहू लागलो. हयातभर हेच काम केलं, तेव्हा दोन ओळी काय अवघड. आणि आम्ही तुमच्या सोबत आहोत, वगैरे. आणि ऋतू बदलतात, वगैरे. सगळ्या छान बसत होत्या, ठेक्यात होत्या, सातच्या सात हात वर झाले असते. मला माझीच शिसारी आली.

त्या पोरीला मी सांगितलं ते खरं नाही. नियम खरा आहे, टेबल खरं आहे. पण त्या गुरुवारी हात खाली नव्हते. टंकलिपिक बाईने सहा ओळी वाचल्या, मी पोस्टमनचा प्रश्न विचारला आणि सातही जणांनी हात वर केले. बांधणीतल्या एका माणसाने तर, त्याचा भाऊ महिन्यापूर्वी गेला होता, हात वर केला तो बराच वेळ खालीच घेतला नाही. आणि मी पेन्सिल उचलून शेवटच्या दोन ओळी खोडल्या. म्हणालो, लांब होतंय, चित्राला जागा हवी. आयडेला समोर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, डॉक्टर पाहतात तसं, आणि कार्ड पुढे करून म्हणाली, ‘सही राहिली, साहेब.’ मी सही केली. आदल्याच महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, आमची हेलन जन्माला आली होती आणि चार दिवस जगली होती. गुरुवारी पुरलं, सोमवारी मी कामावर हजर. घरात पाळणा होता तो मी मार्जरी झोपलेली असताना खाली तळघरात नेला. नंतर आम्ही त्याबद्दल बोललो नाही. भांडण नाही, काही नाही, नुसतं बोललो नाही, आणि न बोलण्याची वर्षं एकदा साठली की त्यांना हात लावायचं धाडस होत नाही. आयडेला त्या दिवसांत दोनदा आमच्याकडे येऊन गेल्याचं मला अंधुक आठवतं. तिला स्वयंपाक येत नसे. बेकरीतली ‘पाय’, फळं भरून भाजलेली जाड पोळी, आणून तिने ती स्वतःच्या भांड्यात काढली होती आणि वर काटा टोचून घरची दाखवली होती, आणि मार्जरी त्यावर हसली होती. त्या महिन्यात मार्जरी हसली ती एकदाच. तो मजकूर कोणासाठी लिहिला आहे हे मला टेबलाशी कळलं नव्हतं असं मी इतकी वर्षं धरून चाललो. कळलं होतं. म्हणूनच तर खोडलं. त्या ओळी घरात कार्डांवरून फिरून परत येतील, आणि मग आम्हाला बोलावं लागेल, एवढीच भीती होती. बाकी चित्राला जागा भरपूर होती.

फोनच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, डोलोरेस कुंपणाशी आली. पहाटे मी दिवा न लावताच कॉफी करतो, कारण दिवा लावला की ओट्यावर रांगेने ठेवलेली लोकांची भांडी दिसतात. तर त्यातलंच एक मागायला ती आली होती, पण सरळ मागेल तर डोलोरेस कसली.

‘लेनर्ड, तुझ्याकडे माझं निळ्या काठाचं भांडं नाही ना राहिलं?’

‘खाली चिकटपट्टीवर तुझं नाव आहे, डोलोरेस. चांगलं ठळक.’

‘मला घाई नाही रे. शनिवारी माझी नातवंडं येतायत, एवढंच.’ तिने माझ्याकडे वरून खाली पाहिलं. ‘तू खाल्लंस का त्यातलं, का घुशींना घातलंस?’

‘अर्धं खाल्लं.’

‘अर्धं म्हणजे घुशींनीही नाकारलं म्हण की.’ मग तिने कुंपणावर हात ठेवला. ‘धुऊन नुसतं ठेव पायरीवर. तुझ्याकडून काही अपेक्षा नाही. मार्जरीने मात्र चाळीस वर्षांत माझं एक भांडं रिकामं परत केलं नाही. मी म्हणायचे, अगं बाई, ही देवाणघेवाण थांबणार कधी? तर म्हणायची, दोघींतली एक मेली की.’ हे बोलून तिचं तिलाच कसंतरी झालं आणि ती चादरी काढायला वळली. मला ते लागलं. सांत्वनाचं एवढं ढीगभर टपाल आलं, त्यातल्या एकाही वाक्याने मला काही झालं नव्हतं, आणि या बाईच्या तोंडाळपणाने माझे डोळे भरून आले. मी ठरवलं, भांडं रिकामं जाणार नाही. मार्जरी असताना मी अंडं उकडण्यापलीकडे कधी गेलो नव्हतो, पण लिहिलेलं वाचून करणं हे तर माझं कामच.

मार्जरीच्या पाककृतींचा पत्र्याचा डबा ओव्हनच्या वरच्या फळीवर असायचा. आमच्या कार्डांच्याच मापाचा डबा; ऑफिसातले कोरे तुकडे मीच तिला आणून द्यायचो. मी बटर केक शोधत होतो, तो चिकट, बुटका केक, जो या शहरात कोणाकडेही कॉफीबरोबर येतो आणि शहराबाहेर कोणाला समजत नाही. शुक्रवारी दुपारी डबा टेबलावर घेतला. तिचं हिरव्या शाईतलं तिरपं अक्षर एकेक करून पुढे सरकवत गेलो. सफरचंद, कोबी, डुकराच्या मांसाचं काहीतरी. तिचं अक्षर वाचणं मला जड जात होतं आणि थांबणंही. बटर केकचं कार्ड निघालं आणि त्याला चिकटून मागे दुसरं आलं. लोण्याच्या डागांनी ते अर्धवट पारदर्शक झालं होतं. कडेला व्हॅनिलाचा तपकिरी गोल होता, पिठाचा ठसा होता, एका कोपऱ्यावर अंगठ्याची रेघ न् रेघ उमटली होती. हे कार्ड पुन्हा पुन्हा बाहेर निघालं होतं, ओट्यावर उभं राहिलं होतं, ओल्या हातांनी धरलं गेलं होतं. टंकलेलं होतं ते. वर नंबर होता, एकशे तेरा. खाली माझी सही होती, तेव्हाची, ऐटबाज. चार ओळी होत्या त्या होत्या, आणि त्यानंतर माझ्या निळ्या रेघेखाली या दोन:

आणि नाहीच आला, तर अंधारातही
हाताला आपला कप सापडतो.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. ठेके मोजायचं सुचलं नाही. मग दिसलं की त्या खोडलेल्या दोन ओळींखाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हिरव्या शाईचे ठिपके आहेत. सगळे एका वेळचे नव्हते. काही फिकट होऊन कागदात मुरले होते, काही त्यावरच पुन्हा दिलेले, आणि शेवटचे दोन-तीन अगदी अलीकडचे, थरथरत्या हाताचे, तिचा उजवा हात कापायला लागल्यानंतरचे. आयडेलाने माझी सही घेतली आणि ते कार्ड सरळ हिला नेऊन दिलं असणार. म्हणजे मी काय खोडलं ते मार्जरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एकोणचाळीस वर्षं तिने ते माझ्या जेवणापासून हातभर अंतरावर ठेवलं होतं, कुलूप नाही, किल्ली नाही. मी एकदाही डबा उघडला नाही.

चार वाजता विद्यापीठाची कचेरी बंद होते. मी साडेतीनला फोन केला. रेनाटा निघण्याच्या बेतात होती. पानं लागून झाली होती, छापखान्याचा माणूस येऊन बसला होता. मी म्हटलं, बसू दे त्याला. आणि सहा ओळी वाचून दाखवल्या.

‘ही पोटापाण्याची नाही,’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘शेवटचं पान कोरं आहे. तिथे घेते. पण मिस्टर स्टकमायर, मूळ कार्डावर शेवटच्या दोन खोडलेल्या आहेत ना? मग मला नियमाने चारच घ्याव्या लागतील. संपादकाने खोडलं तेच अखेरचं धरतात.’

‘खाली ठिपके आहेत.’

‘ठिपके?’ तिच्या पिढीला ते माहीत नसणार. तिने तिथेच कोणाला तरी विचारलं, बहुधा त्या छापखान्याच्या माणसाला, आणि परत आली. ‘हं. म्हणजे तसंच राहू द्यायचं. मग सहाही घेते. खाली टीप द्यावी लागेल. ठिपके कोणाचे आहेत, प्रुइटबाईंचे का तुमचे?’

‘माझ्या बायकोचे,’ मी म्हणालो. ‘नाव लिहून घे. मार्जरी स्टकमायर.’ आणि तिने ते लिहून घेईपर्यंत थांबून पुढचं सांगितलं, ‘आणि ती पोस्टमनची गोष्ट काढून टाक. त्या दिवशी सातही हात वर होते.’

फोन ठेवून मी ते कार्ड जिथे होतं तिथे परत घातलं आणि केकचं कार्ड ओट्यावर उभं करून ठेवलं. पहिल्याच ओळीत लोणी होतं, दोन वाट्या.